भिवराची चौकी

खालापूर,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय निशी,

पत्र बघून हसशील. पण इथं मोबाईल पहिल्याच दिवशी काढून घेतात. दारू सोडायला आलेल्या माणसाच्या हातात फोन दिला की तो आधी दोस्ताला लावतो, असं इथल्या सरांचं म्हणणं. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून हा कागद.

माझी तब्येत सुधारतेय. हात थरथरायचे थांबले. आईला सांग, दोन वेळ जेवतो.

आता मजा ऐक. माझ्या खोलीत ठाण्याचा स्वप्नील म्हणून एक कॉम्प्युटरवाला पोरगा आहे. रविवारी त्याने आम्हा पाचसहा जणांना गोल बसवलं आणि एक खेळ शिकवला. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. सूत्रधार म्हणतो, "समोर नदी आहे, पलीकडच्या काठावर कोणीतरी खोकतंय. तुम्ही काय करता?" मग ज्याने त्याने सांगायचं. सोपं काम असलं तर झालं. अवघड असलं तर फासा टाकायचा. त्याच्याकडे वीस तोंडांचा फासा आहे. तुमच्याकडे नसला तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाक. दहाच्या वर निघाली की जमलं, खाली निघाली की फसलं. काम फारच अवघड असलं तर दहाऐवजी पंधरा म्हणायचं, ते सूत्रधार ठरवतो. सुरुवातीला एवढंच पुरे, बाकीचे नियम खेळता खेळता कळतात.

मी दरोडेखोर झालो होतो. राजवाड्यात शिरलो आणि मुदपाकखान्यातच अडकलो. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. शुद्धीत असताना इतका कधी हसलो होतो ते आठवेना.

तू घरी सुरू कर. तुला गोष्टी सांगता येतात. शेजारच्या ऋतिकला घे, तुझ्या मैत्रिणीला, प्रियाला घे. आणि तुझ्या वहिनीला, सुनंदाला, घेच. मी तिला पत्रं लिहितो, ती एकाचंही उत्तर देत नाही. रागात आहे, असू दे. दिवसभर तोंड मिटून बसते म्हणतेस, तर तिचं मन रमेल. आरोहीला बापाचा पापा.

तुझा,
दशरथदादा


पळसदरी,
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

सुरू केला. दोन रविवार झाले.

पहिल्या रविवारी नुसता गोंधळ. ऋतिक टेंपो लावून आला आणि म्हणाला, "मी तलवारवाला, बाकी मला काय इचारू नको." जो समोर येईल त्याच्यावर तलवार. वाटेत एक म्हातारी रस्ता विचारायला आली, तिच्यावरही. प्रिया जंगलातली वाटाडी झाली. तिची वाडी डोंगरावर, त्यामुळे मी झाडाचं नाव चुकीचं सांगितलं की ती तिथेच खेळ थांबवते.

वहिनी पडवीत पावटे सोलत बसली होती. मी म्हटलं, वहिनी, तूही एक माणूस हो ना. ती नको म्हणाली. मग थोड्या वेळाने पावटे सोलतासोलताच म्हणाली, "घाटात चौकी असती तर तितं कोण ऱ्हायला असता?" मी म्हटलं, तूच सांग. तर म्हणाली, "एक बाई ऱ्हाते. भिवरा. कंदील हाय तिच्याकडं, काठी हाय, कुत्रा हाय. रातीचं घाटात कोणी आलं तर तिला इचारल्याबिगर पुढं जात नाय." तिचं कोण आहे, असं विचारलं. "कोण नाय. कुत्रा हाय म्हनलं ना."

दादा, गेल्या रविवारी ती जेवढी बोलली तेवढी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली असेल. भिवराने एका सावकाराच्या माणसाला नुसतं बोलून घाटाखाली परत पाठवलं. ऋतिक तलवार काढून तयार होता, त्याला काही कामच उरलं नाही. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मोरीत पडून हात मोडला तेव्हापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. आता रविवारी दुपारची भांडी तीच घाईने आवरते.

आई म्हणते हा कसला खेळ, पण दारात बसून ऐकते.

तुझी,
निशी


खालापूर,
१ डिसेंबर २०२४

प्रिय निशी,

पत्र दोनदा वाचलं. स्वप्नीललाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझी बहीण चांगली सूत्रधार होणार. आणि एक गोष्ट म्हणाला ती माझ्या डोक्यातून जात नाही. खेळात माणूस आपल्या मनातलं बोलतो, कारण त्याला वाटतं ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

म्हणून एक काम कर. पुढच्या रविवारी चौकीवर एक माणूस आण. लांबून आलेला, थकलेला. तो भिवराचा नवरा. लढाईवर गेला होता, आता परत आला. ती म्हणेल मला नवरा नाही. तू म्हण, होता, तू विसरलीस. सूत्रधार म्हणेल ते खेळात खरं असतं. मग बघ ती काय करते. काय बोलली, कसं बोलली, तोंड कसं केलं, सगळं मला लिही. एक शब्द गाळू नको.

यात वाईट काही नाही. इथून बाहेर पडल्यावर मला घरात जागा आहे की नाही, एवढं मला कळायला नको का? तिला सरळ विचारलं तर ती बोलणार नाही. तुला माहीत आहे तिचं.

तिला सांगू मात्र नको.

दशरथदादा


पळसदरी,
९ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

तू सांगितलंस तसं केलं.

मी म्हटलं, संध्याकाळ झाली आहे, घाटातून एक माणूस वर येतोय. तुझा नवरा. वहिनी म्हणाली, "भिवराला नवरा नाय." मी म्हटलं, होता, लढाईवर गेला होता. मग तिने विचारलं, "त्याला कोणी सोडला?" मी म्हटलं, लढाई संपली. "लढाई संपली का तो पळून आला?" ऋतिक हसला. मी म्हटलं, ते तुला माहीत नाही, तो दाराशी उभा आहे, तू काय करतेस?

वहिनीने भिंतीवरून त्याला पाण्याचा तांब्या दिला. भाकरी फडक्यात बांधून दिली. म्हणाली, पुढं दोन कोसावर धर्मशाळा हाय, तितं झोप. दार उघडलं नाही. मी म्हटलं, तो रडतोय. ती म्हणाली, "रडू दे. रडण्यानं कोण मरत नाय."

रागाने नाही म्हणाली. भाजीत मीठ घातलंय का विचारावं तशी म्हणाली. तुला वाईट वाटेल, पण तूच म्हणालास शब्द गाळू नको.

निशी


खालापूर,
१४ डिसेंबर २०२४

निशी,

फडक्यात भाकरी. भिकाऱ्याला देतात तशी.

मी इथं काय सोसतोय हे तिला ठाऊक आहे का? पहिल्या महिन्यात मला पलंगाला बांधलं होतं. ते मी कुणासाठी सोसलं?

आता नीट ऐक. तिच्या भिवराला फार सुख आहे म्हणून तिला माज आहे. कंदील आहे, कुत्रा आहे, काठी आहे, मग नवरा कशाला हवा. ते एकेक काढून घे. सूत्रधार तू आहेस. चिठ्ठी ती काढेल, पण वाचायची तू. पंधरा निघाली तर चार म्हण, कोण बघायला येतंय? कुत्रा मरू दे. भिंत पडू दे. वाटसरूंनी तिला दगड मारावेत. एकटी बाई म्हणजे काय असते हे तिला खेळात तरी कळू दे.

आणि सगळं गेलं की मग त्या माणसाला परत दाराशी आण. त्याच्या तोंडी एवढंच वाक्य घाल: "एकदा तोंड बघून जातो." बदलू नको. हेच शब्द. ते ऐकून ती दार उघडणार, मला माहीत आहे. आमच्या दोघांतलं आहे ते.

दशरथदादा


पळसदरी,
३० डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

उशीर झाला लिहायला. मला दोन रविवार लागले.

आधी कुत्रा घेतला. साप चावला म्हटलं. वहिनीने त्याला वाचवायला चिठ्ठी काढली, पंधराच निघाली होती, अगदी तू लिहिलीस तीच. मी मुठीत धरून चार म्हटलं. तिने काही विचारलं नाही. नंतर म्हणाली, "त्याला आंब्याखाली पुरते." मग कंदील फुटला, मग वाऱ्याने भिंत गेली. गावकऱ्यांनी तिला चेटकीण ठरवलं. प्रियाने खेळ मध्येच थांबवला. "निशे, सगळं एकाच बाईच्या वाट्याला कसं गं? दाखव ती चिठ्ठी," म्हणाली. मी दाखवली नाही. ती उठून गेली आणि पुढच्या रविवारी आलीच नाही. मला तिचा राग आला, दादा. तिला काय कळणार की हे वहिनीच्याच भल्याचं आहे.

वहिनी मात्र दर वेळी येऊन बसते.

काल त्याला दाराशी आणला. मी म्हटलं, तो म्हणतोय, "एकदा तोंड बघून जातो."

वहिनीच्या हातातली चिठ्ठी खाली पडली. माझ्याकडे तिने असं पाहिलं की जणू मी नुकतीच घरात शिरले होते. म्हणाली, "परत म्हण." मी परत म्हटलं. "कोणी सांगितलं तुला?" मी म्हटलं, सुचलं.

मग ती म्हणाली, "भिवरा दार उघडते."

दादा, उघडलं तिने. कोणी जबरदस्ती केली नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. ऋतिकने टाळ्या वाजवल्या. आई दारातून म्हणाली, "बरं झालं बाय, घर ते घर." खेळ संपल्यावर वहिनीने मला पहिल्यांदा तुझ्याबद्दल विचारलं. "कधी सोडणार त्यांना?" मी म्हटलं, पंचवीस जानेवारी, शनिवार. ती म्हणाली, "बरं."

मला वाटतं तुझं काम झालं.

तुझी,
निशी


खालापूर,
४ जानेवारी २०२५

माझ्या निशी,

तू माझी खरी बहीण. पत्र उशीखाली ठेवून झोपतो.

मला माहीत होतं. बाईमाणसाला जरा पायाखालची जमीन हलवून दाखवावी लागते, मग घराची किंमत कळते. स्वप्नीलला सांगितलं तर तो म्हणाला, हा खेळ असा खेळायचा नसतो. लहान आहे तो. लग्न झालं नाही अजून.

आता पुढचं. भिवराने त्या माणसाची माफी मागावी. फडक्यात भाकरी बांधून दिली त्याची. पाया पडून. कोणत्या शब्दांत मागते ते मला लिही. घरी येईन तेव्हा मला तेवढं पाठ असायला हवं.

दशरथदादा


पळसदरी,
१३ जानेवारी २०२५

दादा,

माफीचं काही झालं नाही.

काल मी डबा घेऊन बसले तर वहिनीने तो माझ्या मांडीवरून उचलला. म्हणाली, "आज गोष्ट मी सांगते. तू भिवरा हो." ऋतिक म्हणाला, वा, वहिनी सूत्रधार. मलाही गंमत वाटली.

ती म्हणाली, "दार उघडलंस. तो आत आला. जेवाय बसला. आमटीत मीठ कमी हाय. त्यानं ताट सरकवलं. काय करतेस?"

मी म्हटलं, मीठ आणते.

"तू उठलीस तवर त्यानं मनगट धरलं. डावं. काय करतेस?"

सोडवते.

"काढ चिठ्ठी." सहा निघाली. तिने चिठ्ठी उघडून सगळ्यांना दिसेल अशी जमिनीवर ठेवली. "नाय सुटत. काय करतेस?"

मी म्हटलं, ओरडते.

"वरडायला चिठ्ठी लागत नाय. वरडलीस. बाजूच्या खोलीत त्याची म्हातारी हाय. तिला आयकू गेलं. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला."

आई दारात वाल निवडत होती. ती सूप घेऊन उठली आणि मागच्या अंगणात गेली. वहिनीने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"पल्याडच्या खोलीत त्याची बहीण हाय. परीक्षेचा अभ्यास करते, कानात वायरी घालून. तिला हाक मार."

मी तिला म्हटलं, वहिनी, बस आता. ती म्हणाली, "तुजी चिठ्ठी तू काढ. आयकू जातं का नाय बघू."

मी काढली. अठरा निघाली. तिने तीही सहाच्या शेजारी ठेवली आणि बोटाने सरळ केली. "अठरा. म्हंजे आयकू गेलं. आयकू गेलं, पण ती उठली नाय."

पुढचं तिने भरभर सांगितलं. मनगट मोडलं. दार उघडून घ्यायला त्याने बाहेरून काय म्हटलं होतं तेही सांगितलं, तेच तुझं वाक्य. सकाळी सगळ्यांनी मिळून ठरवलं की भिवरा मोरीत घसरली. मग तिने चिठ्ठ्या गोळा केल्या, डब्याला झाकण लावलं आणि आरोहीची वेणी घालायला गेली. ऋतिक टेंपो बघून येतो म्हणाला, तो परत आला नाही.

दादा, वहिनी मोरीतच पडली होती ना? आणि त्या रात्री मी घरात होते. मला काही ऐकू आलं होतं का? मला खरंच आठवत नाही. तू सांग.

निशी


खालापूर,
१७ जानेवारी २०२५

निशी,

तुला काही ऐकू आलं नव्हतं, कारण काही झालंच नव्हतं. आईला विचार.

डबा तिच्या हातात दिलास कशाला? सूत्रधार तू होतीस.

ती आता जायच्या गोष्टी करील. माहेरी जाणार नाही, तिचे भाऊ तिला दुसऱ्याच दिवशी आणून सोडतील. कुठेही गेली तरी पोरीला घेतल्याशिवाय जाणार नाही. म्हणून पोरीला धरून ठेव. शाळा सुटायच्या आधी तू जा आणि आरोहीला आण. बाईंना सांग, आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्या ताब्यात देऊ नका. आईशी मी इथल्या ऑफिसच्या फोनवरून बोललोय, तिला पटलंय. शनिवारपर्यंत एवढं सांभाळ. मग मी आहे.

घर राखायचं की मोडायचं, हे तुझ्या हातात आहे.

दशरथदादा


खोपोली,
२२ जानेवारी २०२५

निशिगंधास,

सोमवारी मी इथे खोली बघायला आले होते. सुंदरा, माझ्या शाळेतली मैत्रीण, तिच्याकडे जागा झाली. मंगळवारी आरोहीला घ्यायला शाळेत गेले तर तू तिला आधीच घेऊन गेली होतीस. बाई मला वर्गात येऊ देईनात. त्या माझ्याशी हळू आवाजात, एकेक शब्द तोडून बोलत होत्या, वेड्या माणसाशी बोलतात तशा. तेव्हा कळलं तू काय सांगून गेलीस. घरी आले तर आईंनी आतून कडी लावली. आरोही आत रडत होती. तूही आतच होतीस. तुझ्या चपला दारात होत्या.

ते वाक्य आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तू म्हणालीस तेव्हा मला समजलं की दर रविवारी मी जे बोलते ते कुठे जातं. घरात मला दार लावून ठेवायची सोय नव्हती. गोष्टीत एक चौकी मिळाली होती, तर तिथेही तू त्यांना घेऊन आलीस. कुत्रा तू मारलास हेही मला माहीत होतं. चिठ्ठी पंधरा होती. मी काढली तेव्हाच पाहिली होती.

मी भांडायला लिहीत नाही. एकच सांगायचं आहे. आरोहीला मीठ कमी असलेली आमटी चालत नाही. ती गप्प बसत नाही, मोठ्याने सांगते. तिला अजून कोणी मारलेलं नाही, म्हणून सांगते. शनिवारी ते घरी येतील. जेवायला बसतील. तीही शेजारी बसेल.

तू बाजूच्या खोलीत असशील.

सुनंदा


प्रियाच्या वाडीवर,
२४ जानेवारी २०२५

दादा,

उद्या ऋतिक तुला घ्यायला येईल. हे पत्र त्याच्याकडेच दिलं आहे.

आरोही घरी नाही. आज आई बाजारात गेली तेव्हा मी तिला घेऊन वहिनीकडे गेले. आईला मी सगळं विचारलं होतं. तिने एवढंच म्हटलं, "पुरुष मानूस हाय, दमून येतो." म्हणजे झालं होतं, दादा. तू लिहिलंस काही झालंच नव्हतं.

वहिनीने दार थोडंसंच उघडलं. आरोही तिच्या कमरेला जाऊन चिकटली. मी पिशवी पुढे केली, तिचे कपडे, दप्तर. वहिनीने ती घेतली. मी म्हटलं, वहिनी, मला आता घरी जाता येणार नाही, आजची रात्र मला इथे राहू दे. दाराच्या फटीतून मला आतली चटई दिसत होती, स्टोव्हवर काहीतरी शिजत होतं. ती म्हणाली, "नको."

मी म्हटलं, मी चुकले, पण पोरीला आणलं ना परत.

तिने आरोहीला आत पाठवलं. मग म्हणाली, "त्यांच्यापेक्षा मला तुजी भीती वाटते, निशी. ते पिऊन असायचे. तू शुद्धीत होतीस."

दार लावलं. आरोही आतून विचारत होती, आत्या का नाय आली. उत्तर मला ऐकू आलं नाही. मी थोडा वेळ तिथेच जिन्यात उभी राहिले, मग शेजारची बाई बघायला लागली तशी निघाले.

प्रियाने मला घरात घेतलं, पण अजून ती माझ्याशी बोललेली नाही. तिची आई जेवायला वाढते आहे. वहिनीचा पत्ता देत नाही. आईने तुझ्यासाठी वालाचं बिरडं करायचं ठरवलंय, नारळ आणून ठेवलाय. तुम्ही दोघं जेवा.

निशिगंधा